बंदुकीच्या लेपासाठी एअरब्रश घेताना

विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. बर्फ, पाऊस, ओला पाला, घामट हातमोजे, आणि संध्याकाळी गारठलेली बंदूक उबदार घरात आणली की पोलादावर धरणारं दव. एवढं सोसून नळीला गंज लागू नये म्हणून सप्टेंबरपासूनच लोक बंदुका लेप द्यायला घेऊन येतात. मी मूळचा रत्नागिरीचा. भोसरीला मोटारींच्या सुट्या भागांच्या पेंटशॉपमध्ये बरीच वर्षं काढली आणि आता इथल्या एका परवानाधारक बंदूक-कारागिराकडे लेपाचं काम बघतो. येणाऱ्यांपैकी बरेच जण, त्यात इथली आपली मराठी मंडळीही आली, काम बघता बघता विचारतात: हे घरी जमेल का, आणि त्यासाठी कुठला एअरब्रश घ्यावा? त्यांना तोंडी सांगतो तेच इथे लिहितो आहे.

१. आधी लेप ठरवा, मग ब्रश.

दुकानात गेल्यावर माणूस ब्रशच्या चकाकीकडे बघतो. खरं तर पहिला प्रश्न डब्यात काय आहे हा असतो. इथे घरगुती आणि छोट्या कामाला मुख्यतः तीन जातींचे लेप चालतात. पहिला सेराकोटच्या एच मालिकेचा, ओरेगॉनमध्ये तयार होणारा. त्यात सिरॅमिकचे सूक्ष्म कण असतात, हार्डनर अगदी थोडा लागतो, बहुधा अठरा भाग रंगाला एक भाग, आणि फवारणी झाली की वस्तू १२१ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवावी लागते. दुसरा गन-कोट. हा पातळ असतो, त्यात हार्डनर घालायचा नसतो, मॉलिब्डेनम डायसल्फाइड असल्यामुळे तो बुळबुळीत राहतो आणि १६३ अंशांना तासभर भाजावा लागतो. तिसरी जात हवेवर सुकणाऱ्यांची. ड्युराकोट हा त्यातला सगळ्यांच्या माहितीचा: बारा भाग रंग, एक भाग हार्डनर. हाताला तो लवकर सुका लागतो, पण पुरता कडक व्हायला काही आठवडे घेतो. सेराकोटचीही हवेवर सुकणारी सी मालिका आहे, तिला पाच दिवस लागतात.

ही माहिती ब्रशशी थेट जोडलेली आहे. पातळ लेपाला बारीक तोंड चालतं, कणांच्या लेपाला चालत नाही. हार्डनर घातलेला लेप ब्रशच्या पोटात घट्ट होऊ शकतो. ॲसिटोन किंवा एमईकेसारख्या द्रावकाने धुवावा लागणारा लेप असेल, तर ब्रशमधलं रबर टिकतं की नाही हे बघावं लागतं. डब्यावरचा तांत्रिक तक्ता नीट वाचल्याशिवाय ब्रश विकत घेऊ नका.

२. चित्रं काढायचा ब्रश वेगळा आणि लेप द्यायचा वेगळा.

एअरब्रशचा जन्म १८७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या आयोवा राज्यातला, ॲबनर पीलर नावाच्या माणसाच्या हातून. तो बनला तो चित्रकारांसाठी आणि फोटो हाताने सुधारणाऱ्यांसाठी. केसाएवढी रेघ आणि सावलीची हलकी छटा ही त्याची करामत. आपल्याकडे पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्तीवर गालांची नि बोटांची छटा फवाऱ्याने येते, ती याच जातीच्या कामातून. म्हणून बाजारात ज्याला सगळ्यात उत्तम म्हणून दाखवतात तो एअरब्रश बहुतेक वेळा ०.२ मिलिमीटर तोंडाचा असतो. बंदुकीला रेघ नको असते. तिला एकसारखा, ओला, अखंड थर हवा असतो.

०.२च्या तोंडातून सिरॅमिकचा किंवा धातूची चमक असलेला लेप सोडला की तोंड चोंदतं, सुईवर गोळी बसते आणि मध्येच थुंकल्यासारखा ठिपका उडतो. ०.३५चं तोंड गाळलेल्या पातळ लेपाला चालतं, पण काम फार सावकाश होतं. माझ्या मते ०.५च्या खाली जाऊ नये. ०.६५ ते ०.८ हा लेपाच्या कामाचा खरा पट्टा. पाशे कंपनीच्या एच एअरब्रशला ०.४५, ०.६५ आणि १.०५ अशी तीन टोकं मिळतात. त्यातलं मधलं घ्या. आणि ब्रश कुठलाही असो, डबा तळाचा गाळ पूर्ण उठेपर्यंत हलवायचा आणि लेप जाळीतून गाळूनच भरायचा. सिरॅमिकचे कण जड असतात, ते तळाला बसतात. वरचं पाणचट फवारलं तर लेप दिसायला ठीक दिसेल, टिकणार नाही.

३. नवशिक्याने सिंगल ॲक्शन घ्यावा.

डबल ॲक्शनमध्ये बोट खाली दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. किती ओढलं त्यावर रंगाचं प्रमाण. चित्रकाराला हे वरदान आहे. पण पिस्तुलाच्या स्लाइडवर सारख्या जाडीचा थर द्यायचा असतो, तेव्हा प्रत्येक फेरीला बोट थोडं वेगळं ओढलं जातं आणि थर कुठे जाड, कुठे विरळ होतो. सिंगल ॲक्शनमध्ये रंगाचं प्रमाण स्क्रूने एकदा बांधून द्यायचं आणि बोटाने फक्त हवा सोडायची. मग सगळं लक्ष हाताच्या वेगावर आणि अंतरावर राहतं, आणि ते तिथेच हवं.

त्यातही हवा आणि रंग तोंडाच्या बाहेर मिसळणारा प्रकार मला पसंत आहे. पाशेचा एच आणि बॅजरचा ३५० हे दोन्ही त्या जातीचे. त्यांचा फवारा आत मिसळणाऱ्या ब्रशइतका तलम नसतो, हे खरं. पण रंग हवेच्या मार्गात शिरतच नाही, त्यामुळे धुणं सोपं आणि बिघाड कमी.

४. वर कप की खाली बाटली.

वरच्या कपातून लेप आपल्या वजनाने उतरतो. कमी दाबावर काम होतं आणि शेवटच्या थेंबापर्यंत वापरता येतो. हे लेप महाग आहेत, तेव्हा ही बाब छोटी नाही. खालच्या बाटलीतून हवा लेप ओढून घेते. तिला दाब जरा जास्त लागतो आणि तळाशी थोडा लेप वाया जातो, पण एका बाटलीत लेप आणि दुसरीत द्रावक तयार ठेवून झटकन अदलाबदल करता येते. आडवी-उभी, खाचांची वस्तू फिरवत फवारताना कपातून लेप सांडायची भीती असते, बाटलीला ती नाही. मी नवख्यांना बाटलीच सुचवतो. मात्र ती काचेची हवी. ॲसिटोन काही प्लॅस्टिक विरघळवतं.

५. जो ब्रश पटकन उघडून धुता येतो तोच चांगला.

एअरब्रश निवडताना हा मुद्दा मी सगळ्यांत वर ठेवीन. हार्डनर घातलेला लेप वाट बघत नाही. शेवटची फेरी संपली की वस्तू ओव्हनमध्ये घालण्याआधी ब्रशमधून द्रावक सोडायचं, तोंडावरची टोपी काढायची, सुई पुसायची, बाटलीची नळी आतून फुंकायची. लेप मारलेली वस्तू ओव्हनबाहेर दहा-पंधरा मिनिटं लटकत राहिली तर काही बिघडत नाही, पण ब्रश तसाच ठेवला तर बिघडतो.

दुकानात ब्रश हातात घ्या आणि विक्रेत्यासमोर उघडून बघा. किती भाग निघतात? पाना लागतो का? तोंडाचा भाग नखाएवढा आणि धाग्यासारख्या आट्यांचा असेल तर तो कधीतरी सिंकमध्ये जाणार. आत काळं रबर दिसलं तर परत ठेवा. एमईके आणि ॲसिटोनमध्ये साधं रबर फुगतं, मग चाप अडकतो आणि हवा गळते. टेफ्लॉनच्या वॉशरचा ब्रश मागा. सुट्या सुया आणि तोंडं त्याच गावात, त्याच दुकानात मिळतात का, तेही विचारा. नावाजलेल्या कंपनीचे चार पैसे जास्त द्यायचे ते यासाठी.

६. ब्रशपेक्षा हवेवर खर्च करा.

साध्या एअरब्रशला मिनिटाला घनफूटभरही हवा पुरते, २० ते ३० पीएसआय दाब पुरतो. छोट्या कॉम्प्रेसरवर काम भागतं, पण टाकी नसलेला कॉम्प्रेसर घेऊ नका. पंपाचे ठोके फवाऱ्यात उतरतात आणि थरावर लाटा दिसतात. टाकीमुळे दाब सपाट राहतो.

त्याहून मोठा शत्रू पाणी. विस्कॉन्सिनचा जुलै-ऑगस्ट दमट असतो, आणि कोकणात वाढलेल्या माणसाला दमट हवेबद्दल वेगळं सांगायला नको. हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीत आणि नळीत साचते. तो थेंब लेपाबरोबर उडाला की पोलादावर माशाच्या डोळ्यासारखा खड्डा पडतो. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन लेपात तर हार्डनर पाण्याशी संयोग पावतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बारीक फुगे राहतात. म्हणून पाणी गाळणारा फिल्टर कॉम्प्रेसरपाशी एक आणि ब्रशच्या जवळ नळीवर एक असे दोन लावा, आणि टाकीचा खालचा नळ रोज उघडा. तेलाचा कॉम्प्रेसर असेल तर तेल गाळणाराही हवा. लेपाखाली तेलाचा अंश गेला की तिथून तो सुटणारच.

७. एअरब्रशची मर्यादा ओळखा.

एअरब्रशचा फवारा जवळून इंचभर रुंद. पिस्तुलाची स्लाइड, मॅगझिन, दुर्बिणीची कडी, चापाभोवतीचं कडं, एवढ्यासाठी तो उत्तम. चोवीस इंची नळीवर मात्र अडचण होते. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत पहिला पट्टा सुकायला लागलेला असतो. मग शेजारच्या फेरीतले अर्धसुके कण त्यावर धुळीसारखे बसतात. तिरप्या उजेडात धरलंत तर खरखरीत, निस्तेज पट्टे दिसतात, आणि बोट फिरवलं तर बारीक पॉलिश पेपरसारखं लागतं. त्या खरखरीत भागातून ओल आत जाते. गंज तिथूनच सुरू होतो.

रायफल आणि शॉटगनसाठी कमी दाबाची, जास्त हवेची छोटी स्प्रे गन घ्यावी. इवाताची एलपीएच-८०, ०.८ मिलिमीटर तोंडाची, सेराकोटच्या कामाला रूढ झालेली आहे. तिचा पंखा हवा तेवढा रुंद-अरुंद करता येतो. किंमत बरीच आहे आणि हवाही जास्त लागते, पण आमच्या कार्यशाळेत नव्वद टक्के काम तिच्यावरच होतं, आणि एअरब्रश खाचाकोपऱ्यांसाठी आणि ठिपक्या-पट्ट्यांच्या नक्षीसाठी हाताशी असतो. नक्षीसाठी मात्र डबल ॲक्शन, ०.३५चा, वर कप असलेला ब्रश खरोखर कामाचा. इवाताचा एक्लिप्स त्यासाठी चांगला.

फवारण्याचा क्रम सांगतो, कारण तो पुस्तकापेक्षा हातातून कळतो. आधी आतले कोपरे आणि खाचा, मग कडा, मग सपाट पृष्ठं. सपाट भाग आधी केले तर कोपऱ्यांसाठी वाकडातिकडा ब्रश धरताना त्याच सपाट भागावर दुसरा थर चढतो आणि ओघळ येतो. प्रत्येक फेरीची सुरुवात वस्तूच्या बाहेर आणि शेवटही बाहेर. दिवा मागून, तिरपा ठेवा. पृष्ठभाग काचेसारखा ओला दिसला त्या क्षणी थांबायचं.

८. थराची जाडी हा सौंदर्याचा नव्हे, यंत्राचा प्रश्न आहे.

सेराकोटचा थर इंचाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, म्हणजे साधारण २५ मायक्रॉन असतो. स्लाइडच्या आतल्या खाचेवर २५ आणि फ्रेमच्या पट्टीवर २५ म्हटले की दोन्हींमधली फट ५० मायक्रॉनने कमी झाली. घट्ट बसवलेल्या पिस्तुलात तेवढ्याने स्लाइड अडते. एअरब्रशच्या सावकाशीमुळे माणूस नकळत जास्त फेऱ्या मारतो, तेव्हा इथे सांभाळा.

नळीच्या आत, काडतूस बसतं त्या कोठीत, बोल्टच्या तोंडावर, फायरिंग पिनच्या भोकात, चापाच्या आणि घोड्याच्या एकमेकांत अडकणाऱ्या कडांवर, स्प्रिंगांवर लेप जाता कामा नये. सिलिकॉनचे बूच आणि उष्णता सोसणारी टेप लावा. चापाची यंत्रणा नीट माहीत नसेल तर ती खोलूच नका, परवानाधारक कारागिराला द्या. जोडल्यावर रिकाम्या बंदुकीवर सगळ्या हालचाली तपासल्याशिवाय गोळी भरू नये.

९. ब्रश कितीही चांगला असो, तेल राहिलं तर लेप राहत नाही.

बंदूक पूर्ण सुटी करून ॲसिटोनमध्ये भिजवायची. मग १०० नंबरच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडने ब्लास्टिंग, म्हणजे लेपाला धरायला दात मिळतात. त्यानंतर पोलादी भाग १५० अंशांना तासभर ओव्हनमध्ये तापवायचे. इथे एक गोष्ट जवळून बघण्यासारखी असते. स्वच्छ, करडा, कोरडा दिसणारा भाग बाहेर काढला की नळी आणि फ्रेमच्या सांध्यापाशी, स्क्रूच्या आट्यांपाशी तपकिरी घाम फुटलेला दिसतो. वर्षानुवर्षांचं तेल खोल कुठेतरी बसलेलं असतं, ते उष्णतेने वर येतं. पुन्हा धुवायचं, पुन्हा तापवायचं, घाम येणं थांबेपर्यंत. ब्लास्टिंगनंतर उघड्या हाताने स्पर्श करायचा नाही. बोटाचा ठसा लेपाखाली राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज होऊन वर येतो.

१०. जीव आधी.

ड्युराकोटसारख्या पॉलियुरेथेन लेपांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा वास येण्याआधीच ते अपायकारक मात्रेला पोचलेलं असू शकतं, म्हणून वास येत नाही म्हणजे मास्क काम करतोय असं समजू नये. एकदा फुफ्फुसांना त्याची ॲलर्जी जडली की पुढे अगदी अल्प मात्रेनेही दम्याचा झटका येतो, आणि ती सहसा जात नाही. भोसरीत असताना अशा माणसांना पेंटशॉप कायमचं सोडावं लागलेलं मी पाहिलं आहे. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर हे लेप घरी फवारू नका. बाकीच्या लेपांनाही सेंद्रिय वाफांची कार्ट्रिज असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवाच. कापडी मास्क इथे काहीच करत नाही.

दुसरा धोका आगीचा. इथल्या घरांत तळघरात किंवा गॅरेजमध्ये गॅसवरचा पाणी तापवायचा बंब असतो, त्याची बारीक ज्योत कायम पेटती असू शकते. ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरकत त्या ज्योतीपर्यंत जाते. फवारणीची जागा ज्योतीपासून, हीटरपासून दूर आणि हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याची हवी, पंख्याची मोटरही ठिणगी न उडवणारी. आणि ज्या ओव्हनमध्ये लेप भाजला त्यात पुन्हा कधीही अन्न शिजवायचं नाही.

११. कायदा आणि मूळ वस्तू, दोन्ही जपा.

अमेरिकेत स्वतःची बंदूक स्वतः रंगवता येते, पण दुसऱ्यांच्या बंदुका धंदा म्हणून रंगवायच्या तर केंद्र सरकारचा परवाना लागतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांची कामं घ्यायला सुरुवात करण्याआधी हे ध्यानात ठेवा. सीरियल नंबर लेपाखाली बुजला नाही, ब्लास्टिंगने झिजला नाही, याची खात्री प्रत्येक वेळी करायची. आम्ही त्यावर टेप लावूनच ब्लास्टिंग करतो.

रत्नागिरीहूनही फोन येतात. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची जुनी बारा बोअर दर पावसाळ्यात लाल होते, तिला लेप देऊ का? १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे भारतात बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो, तेव्हा ती परवानाधारक विक्रेत्याकडेच न्यावी. शिवाय जुन्या दुनळीच्या नळ्या एकमेकींना बहुधा मऊ झाळाने जोडलेल्या असतात. कथील-शिशाचा झाळ १८३ अंशांना वितळायला लागतो, आणि घरच्या ओव्हनचा काटा वीस अंशांनी चुकणं नवल नाही. अशी बंदूक भाजायची नाही. कापडी किंवा चामडी खोळीत ठेवू नका, ती ओल धरते. तेलाचा हात फिरवून उघडी, कुलपात ठेवा. आणि तिच्यावर मूळचं निळं-काळं ब्लुइंग टिकून असेल तर कुठलाच लेप देऊ नका. ते एकदा ब्लास्टिंगने गेलं की परत येत नाही, आणि जुन्या बंदुकीचं मोल त्यातच असतं.

१२. शेवटी, काय घ्यायचं.

एखादं पिस्तूल, चार मॅगझिन, दुर्बिणीची कडी एवढंच काम असेल तर सिंगल ॲक्शन, बाहेर मिसळणारा, ०.६५ तोंडाचा ब्रश, दोन काचेच्या बाटल्या, टाकीचा कॉम्प्रेसर आणि पाण्याचे दोन फिल्टर. नक्षीची आवड असेल तर पुढे डबल ॲक्शन जोडा. रायफल असेल तर ०.८ची छोटी स्प्रे गन, आणि आयुष्यात एकदाच एकच रायफल करायची असेल तर ती परवानाधारक कार्यशाळेत द्या, सगळ्या साहित्यापेक्षा स्वस्त पडेल. पहिला लेप बंदुकीवर नव्हे, गंजक्या पोलादी पाइपच्या तुकड्यावर मारा आणि तो हिवाळाभर अंगणात ठेवा. खर्चाची यादी करताना मास्क पहिल्या ओळीत लिहा. तो घेऊन पैसे उरत नसतील, तर एअरब्रश पुढच्या वर्षी घ्या.